खोली नंबर तीन

मालक बहारीनला. चाव्या माझ्याकडे.
पाच खोल्या, एक सामाईक नळ,
अमावास्येच्या भरतीला हमखास अडणारा पंप,
आणि लाल कापडाच्या बांधणीची वही,
जिच्यात दोनच रकाने : येणे, आले.

हर्णैत मुकादमांची चाळ विचारलीत तर
'त्या चाव्यावाल्या बाईंची ना?' म्हणतील.
पूर्वी बरं वाटायचं ऐकून.
हल्ली कमरेला जुडगा वाजला
की तीन नंबरातला रेडिओ बारीक होतो.

तीन नंबरात हरेश्वर पावसे.
बर्फाच्या कारखान्यात लाद्या फोडायचा.
शिमग्याआधी कॉम्प्रेसर गेला,
शेठ म्हणाला, बंदी उठल्यावर बघू.
बंदी उठली, नारळ वाहून झाले, होड्या गेल्या,
बर्फ मात्र दाभोळहून यायला लागला.
पाच महिने.
डिपॉझिट केव्हाच वितळलं,
हे मी नाही, तोच म्हणाला, आणि हसला,
आणि मग दोघांनाही
कुठे बघावं ते कळेना.

रात्री साडेदहाला फोन.
'वहिनी, मन मोठं करायला माझं काय जातं,
पण घर माझं एकट्याचं नाही, चौघा भावांचं आहे.'
खोटं नाही बोलत.
धाकट्याचं डायलिसिस मलाही माहीत आहे.
कुणीतरी लबाड असतं
तर दापोलीच्या वकिलाकडे जाताना
एसटीत मला झोप लागली असती.

नोटीस पर्समध्ये घालून तीनदा गेले.
पहिल्यांदा कुंदा बांगडे साफ करत होती,
हात खवल्यांनी भरलेले, कोपरानेच पाट सरकवला.
बसले. उठले.
दुसऱ्यांदा आत भांडण चाललं होतं.
ऐकू नये, पण चप्पल पायात सरकवेपर्यंत
जेवढं ऐकू येतं तेवढं येतंच.
तिसऱ्यांदा तो विहिरीपाशी, गुडघाभर चिखलात,
पंपाचा वॉल्व्ह खोलून बसलेला.
'गाळ अडकलाय बाई, दहा मिनिटं.'
उभी राहिले दहा मिनिटं.
पाणी आलं.
मग कागद दिला.

हात पुसून त्याने वाचला. पूर्ण. ओठ हलवत.
'बाई, यात खोली नंबर चार लिहिलंय.'

चारात आरेकर गुरुजी,
एक तारखेला दाराखालून पाकीट सरकवणारे.
म्हणजे कागद फुकट. पुन्हा दापोली,
पुन्हा टायपिंग, आणखी पंधरा दिवस.
त्यालाही ते कळलं.
त्याला कळताना मी पाहिलं.

त्याने पेन मागितलं.
चारावर काट मारून तीन केलं,
शेजारी सही, सहीखाली तारीख.
'नाहीतर गुरुजी उगाच घाबरतील.'

काहीतरी म्हणायला हवं होतं.
मी म्हटलं, 'पेन.'
त्याने परत दिलं.

महिनाअखेरीला टेम्पो आला.
खोली झाडलेली, मेन स्विच पाडलेला,
दारामागे खडूने मीटरचं रीडिंग : ४१८२.
मी बॅटरी घेऊन पडताळलं.
बरोबर होतं.
पडताळलं, याचंच वाईट वाटतं अजून,
विशेषतः जेवताना.

'झाली रिकामी? भिंतींना ओल आहे का?'
'आहे. सगळ्याच भिंतींना आहे.
समुद्र काय आज आला शेजारी?'
पलीकडे ते हसले. मग म्हणाले,
'वहिनी, तुम्हाला त्रास झाला.'
मी म्हटलं, रेंज जातेय.

वही काढली.
'येणे'खालची रक्कम होती तशी ठेवली,
ती खोडायला मी कोण.
मग पट्टी घेऊन तिसरा रकाना आखला.
मथळा सुचेना, तसाच सोडला.
त्यात लिहिलं :
पंप, तीन वर्षांत अकरा वेळा.
पुढे आकडा घालायचा होता, बाजारभावाने
काय होईल ते मांडत होते बोटांवर,

तेवढ्यात चारातून गुरुजींनी हाक मारली,
'अहो बाई, पाणी गेलं.'