पंचाहत्तर फूट

पाण्यापासून पंचाहत्तर फूट.
कड्याच्या काठापासून तीस.
रस्त्याच्या मध्यरेषेपासून त्रेसष्ट.
दोन्ही शेजाऱ्यांपासून दहा-दहा,
आणि दलदलीत तर पाऊलच टाकायचं नाही.
एवढं सगळं वजा केल्यावर
एइनो कांगासच्या प्लॉटवर उरतो
नऊ फूट रुंद, बावीस फूट लांब पट्टा,
तोही उतारावर, बर्चच्या मुळांवर.
अंथरूण पाहून पाय पसरावेत, मान्य.
इथे अंथरूणच कलंडलेलं.

चार खुंट्या मीच ठोकल्या, केशरी फिती मीच बांधल्या.
एकोणीस वर्षं काउंटीच्या पगारावर
लोकांच्या अंगणात टेप धरून उभी असते.
नियमावर बोट ठेवणं हे माझं काम.
कधी बोट उचलून बघते, खाली काय आहे ते:
ब्रोकन पॅडल तळं सलग दोन उन्हाळे हिरवं झालं होतं,
मटारच्या सूपसारखं दाट.
बर्निस ओल्डेनबर्गचा कुत्रा ते पाणी पिऊन मेला.

एइनोच्या वडिलांची केबिन
पाण्यापासून एकवीस फुटांवर होती.
नियमाच्या आधी जन्मलेली, म्हणून चालून जायची.
एका फेब्रुवारीत बर्फाच्या भाराने छप्पर खाली बसलं.
वर्षाच्या आत अर्ज आला असता
तर त्याच पायावर, त्याच मापाची
बिनबोभाट उभी राहिली असती.
ते वर्ष डुलुथच्या इस्पितळात गेलं,
हिल्माच्या उशाशी.
अर्जावर माझा शिक्का पडला
तेरा महिने चार दिवसांनी.

सुनावणीला पाच सभासद, एक झेंडा,
आणि मध्येच गुरगुरणारं कॉफीचं यंत्र.
"अडचण जमिनीची आहे की तुमची?"
अध्यक्षांनी छापील प्रश्न वाचला. वाचणं भाग होतं.
कायद्याला जमिनीची अडचण कळते:
खडक, उतार, चिखल.
एइनोने टोपी एका गुडघ्यावरून दुसऱ्यावर ठेवली.
"जमिनीला काही अडचण नाही," तो म्हणाला,
"ती बसलीय आरामात."
कुणी हसलं नाही.
बर्निसने विरोधाचं पत्र वाचलं, शेवटचं वाक्य गाळून.
ते काय होतं मला माहीत आहे, प्रत माझ्याकडे होती.
चार विरुद्ध एक.

जानेवारीत फोन आला:
४१७२च्या समोर कुणीतरी राहतंय,
रात्री उजेड दिसतो.

गाडी रस्त्यावर सोडून उतरले.
खुंट्या बर्फात बुडालेल्या,
एका फितीचं टोक तेवढं वर फडफडत होतं.
तळं अठरा इंच गोठलेलं,
आणि त्यावर, काठापासून आत,
पत्र्याची एक झोपडी, धुराडं, धूर.

आत बर्फाला पाडलेलं भोक, दोन गळ,
लाकडाचा स्टोव्ह, दोन खुर्च्या.
एका खुर्चीवर विणलेली शाल होती.
मी उभीच राहिले.
"घ्या मोजून," तो म्हणाला, कॉफी ओतता ओतता.
मोजायची काही गरज नव्हती.
बर्फ राज्याचा, तिथे माझी टेप चालत नाही.
तरी हात खिशात गेला.
त्याने एक टोक दाराशी धरलं,
दुसरं घेऊन मी काठाकडे चालत गेले,
जलरेषेच्या पितळी खुणेपर्यंत.
पंचाहत्तर.
उलट्या बाजूने, पण पंचाहत्तर.
इंचही इकडेतिकडे नाही.

मासेमारीच्या झोपडीला अटी दोनच:
बर्फ सुटायच्या आत ती ओढून न्यायची,
आणि नाव-पत्ता बाहेरून दिसेल असा लिहायचा.
दारावर जाड काळ्या रंगात होतं
ई. कांगास, ४१७२, शोर रोड.
दोनातला शेवटचा आकडा
पुन्हा गिरवलेला.

अहवालात लिहिलं: ४१७२, बांधकाम नाही.
टेपला बर्फ चिकटला होता.
गाडीत हीटर लावून
बराच वेळ ती पुसत बसले.