घडी

ग्रामपंचायतीच्या कपाटात, हिवतापाच्या गोळ्यांशेजारी,
संस्थानकाळातला एक कापडी नकाशा आहे.
त्यात भोगावती सरळ जाते,
वर्गात उभं केलेल्या पोरासारखी.

आता ती तशी जात नाही.
कुठल्याशा पुरात चौगुल्यांच्या मळईतून वळली,
सातबाऱ्याला मात्र कुणी कळवलं नाही.

सभा कोरमअभावी तहकूब.
अर्ध्या तासानं तीच माणसं, तीच सतरंजी;
तहकूब सभेला कोरम लागत नाही.
विषय चार : बंधाऱ्याचे बर्गे कधी काढायचे.

मागनं मालूताई चौगुले उठल्या.
"माझं एकवीस गुंठं नदीत हाईत.
शेतसारा मी भरतो दरसाल.
मग नदीचा तेवढा तुकडा माझाच की.
बर्गं काढताना मला इचारा."

कुणी हसलं नाही.
फक्त पंखा, आणि लांब कुठंतरी
कारखान्याचा भोंगा.
मी इतिवृत्तात लिहिलं : सूचक, सौ. चौगुले.
अनुमोदक?
भूपाल मगदुमांनी हात वर केला,
जरा उशिरा,
त्यांचे नऊ गुंठे आठवून असेल.

सगळे गेल्यावर नकाशा मिटला.
घडी नेमकी नदीवरच पडते.
तिथं कापड विरलंय,
पलीकडचं बोट दिसतं.