काचेच्या खोलीतून

सहा पक्ष, सहा झेंडे, आणि मापुटोच्या या हॉटेलात
काचेच्या खोलीत मी, कानाला यंत्र लावून.
यांची पोर्तुगीज त्यांच्या इंग्रजीत ओतायची,
सांडू द्यायची नाही.
सकाळपासून 'बंधुत्व' चौदा वेळा आलं.
मी चौदा वेळा तेच वाढलं.

दुपारी खझामुलाला आणलं.
त्या वर्षांत लिंपोपोवर नाव वल्हवायचा तो,
चंद्र नसलेल्या रात्री.
अलीकडची पोरं पलीकडे,
पलीकडची अलीकडे,
बंदुका मक्याच्या पोत्यांत.
गळ्यात पक्षाचा रुमाल घातला त्याच्या. टाळ्या.
समोरच्या रांगेतल्या मंत्र्याकडे बोट करून म्हणाला,
"हा माझ्या नावेत ओकला होता. मिसरूडही नव्हतं फुटलं."
सभागृह हसलं. मंत्रीही हसला,
अगदी मनापासून, डोळे पुसत.

मग म्हाताऱ्याने माइक सोडलाच नाही.
माझ्या आईच्या त्सोंगात बोलत राहिला;
ती कळणारे आम्ही मोजकेच,
मी, आणि मागे चहा ओतणारी दोन पोरं.

"माझा नातू टिन्यिको
मुसिनाजवळ टोमॅटो तोडायला गेला.
तुमच्या पोलिसांनी त्याला गाडीत कोंबलं.
कागद नव्हता म्हणे.
मी तुम्हाला उतरवलं, त्याच काठापासून
अर्ध्या दिवसाच्या वाटेवर.
तेव्हा मगरीनेसुद्धा कागद मागितला नव्हता.
मीही विचारलं नाही, कुठला रे तू.
विचारायला हवं होतं का?"

माझ्या माइकचा दिवा लाल.
सकाळभर मी धारदार शब्दांच्या कडा घासून दिल्या होत्या,
लाठीमाराची 'सुव्यवस्था' केली होती,
त्याचेच पैसे मिळतात.
चहावाल्या पोराचा कप भरून वाहत होता,
त्याचं लक्ष नव्हतं.
मी खाकरले
आणि होतं तसं सांगितलं.
शेवटचं वाक्य दोनदा.

अध्यक्षांनी आभार मानले.
मसुद्याच्या नवव्या परिच्छेदात
'सीमेवरील जनतेचे ऐतिहासिक योगदान' आलं,
एकमताने.

संध्याकाळी जिन्याशी मंत्री थांबला.
म्हाताऱ्याचा हात हातात घेऊन
नातवाचं नाव विचारलं,
कागदी रुमालावर लिहिलं, चुकलं,
मी अक्षरं सांगितली, पुन्हा लिहिलं.
घडी घालून कोटाच्या खिशात ठेवलं.
चांगला कोट होता.
उद्या समारोपाला दुसरा घालतील.