हल्ली मुक्काम

पहिल्याच ओळीत अडले.
लीलाधर चुडामण फेगडे, वय अठ्ठावन्न, धंदा केळी,
मु. पो. सावदा, ता. रावेर, जि. जळगाव.
सात पिढ्या एकाच गल्लीत काढून
आपण पत्त्याची सुरुवात मुक्कामानं करतो,
जणू पहाटे बैल जुंपून निघायचं आहे.
तिकडच्या फॉर्मला हवं होतं: कायम.

जळगावात, कोर्टासमोर, झेरॉक्सच्या वर माझी खोली.
पानाला तीनशे रुपये, शिक्क्यासकट.
मे महिना. कूलरमधलं पाणीसुद्धा तापलेलं.
फेगडे खताच्या गोणीत कागद भरून
जिना चढले, दोनदा थांबून.
"ताई, आठ लाख डॉलर एका हॉटेलात घालतोय.
हॉटेल अजून उभं नाही. चित्र आहे."
चित्रात झाडं होती, माणसं होती,
आणि सगळ्यांच्या सावल्या वेगवेगळ्या बाजूंना.
धाकटा एकवीसचा व्हायच्या आत जमायला हवं,
नाहीतर बाकीचे पलीकडे आणि तो अलीकडे.

वकिलाचं पत्र आलं होतं:
प्रत्येक रुपया कुठून आला ते दाखवा.
रुपयाचा बाप दाखवा, बापाचा बाप दाखवा.

म्हणून मी एकेक पायरी उतरत गेले.
केळी पिकवायच्या चेंबरच्या कर्जातून
दिल्लीला भरलेल्या वॅगनींच्या पावत्यांत,
तिथून साडेचार एकरांच्या सातबाऱ्यात,
तिथून एका कागदावर, घडीला फाटलेल्या.
हक्कसोडपत्र, सन एकोणीसशे त्र्याण्णव.
द्वारका भ्र. यशवंत भंगाळे, रा. न्हावी,
लिहून देते की भावावरील प्रेमापोटी
वडिलांच्या जमिनीतला माझा हिस्सा
काही एक मोबदला न घेता सोडत आहे.
खाली जांभळा अंगठा, थोडा सरकलेला.

भाषांतर गेलं. आठ दिवसांत उत्तर:
मोबदला नाही म्हणजे काय? तेव्हा बाजारभाव किती होता?
दबाव होता का?
बहिणीचं नवं प्रतिज्ञापत्र पाठवा.

द्वारकाबाई एसटीनं आल्या.
पिशवीत भरताची चार वांगी, माझ्यासाठी.
मी प्रश्न वाचून दाखवले,
त्यांना वाटलं मीच विचारते आहे.
"भावाले का हिसाब मांगता?"
मग बऱ्याच वेळानं, कूलरकडे बघत:
"अन् मांगला असता तं त्यानं का देल्ला असता?"
खाली फेगडे गाडीत बसले होते, एसी लावून.
मी पहिलं वाक्य लिहिलं.
दुसऱ्याला पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर भरपूर जागा होती.
या वेळी त्यांनी सही केली,
नातीनं शिकवलेली,
र ला काना देऊन थांबल्या, मग का.

आणखी एक नियम होता. त्या पैशानं तिकडे
दहा माणसांना काम लागलं पाहिजे, नावानिशी.
इथे घड कापायला सातपुड्यातून पावरा येतात, तीसेक जण.
बांधावर पाल ठोकतात, पिलबाग संपली की उठतात.
फेगड्यांनी एका कागदावर त्यांची नावं लिहायला घेतली,
उगाच, मोजून बघावं म्हणून.
सहावर पेन थांबलं.

पावणेतीन वर्षांनी कार्ड आलं.
पेढ्यांचा पुडा माझ्या टेबलावर, वर कार्ड ठेवलेलं.
फोटोत कान दिसावेत म्हणून केस मागे सारलेले,
गोंदणं काढायला बसवलेल्या पोरासारखा चेहरा.
"आता सहा महिन्यांच्या वर बाहेर राहायचं नाही, ताई."
बाहेर म्हणजे कुठे?
"इथे."
हसले. मग पेढा खाल्ला, माझ्याच पुड्यातला.

जाताना थोरल्याच्या पत्रिकेचा मजकूर दिला, तपासायला.
निमंत्रक म्हणून स्वतःचं नाव,
त्याखाली मूळ रा. सावदा,
त्याखाली हल्ली मुक्काम,
आणि पुढे चार बोटं कोरी जागा.
"गावाचं नाव धाकट्याला विचारून सांगतो.
मला नीट म्हणता येत नाही."