फणीचे पहिले दोन दात

उदगीरला, बिदर रोडवरच्या आमच्या दालमिलच्या वरच्या खोलीत
मी नोबेलियम चाळते.
खाली अण्णांची चाळणी, वर माझी.
लाईट गेली की दोन्ही थांबतात.

"काय करायलीस गं रात्रभर?"
शिशाच्या पातळ पत्र्यावर कॅल्शियम आदळलं, अण्णा,
परदेशात, नऊ दिवस नऊ रात्री.
कोटी कोटी वेळा काहीच झालं नाही.
क्वचित दोघं एक झाले:
एकशे दोन प्रोटॉन, सगळे एकमेकांना ढकलणारे,
तरी मूठ मिटलेली.
"किती टिकतंय?"
मिनिटभर.
"आन् त्याच्यासाठी नऊ दिवस?"

जन्मताना त्याची ओळख पटत नाही.
चुंबकांच्या सुपातून पाखडून आलेला एक कण
सिलिकॉनच्या एका चौकोनात रुततो.
मग थांबायचं.
त्याच चौकोनात अल्फा सुटला, ठरल्या ऊर्जेचा,
की म्हणायचं, हा तोच होता.
आणि त्याच्या मरणापासून उलट चालत जायचं
जन्माच्या क्षणापर्यंत,
तेव्हा तो काय बोलला ते ऐकायला.

फिरत फिरत दमतो तो, पायरी पायरीनं उतरतो,
प्रत्येक पायरीला एक गॅमा.
आलेखावर त्या रेघा फणीच्या दातांसारख्या उभ्या राहतात.
त्यावरून कळतं की तो गोल नाही,
वाळकासारखा लांबट आहे.
कधी एखादा मधल्याच पायरीवर अडतो, पाव सेकंद.
आमच्या हिशेबात तो मुक्कामच.

पण जमिनीलगतच्या शेवटच्या दोन पायऱ्या,
तिथं गॅमा जवळपास नाहीच.
फणीचे पहिले दोन दात पडलेले.

नांदेडचे फुलारी सर फोनवर म्हणाले,
तिथं गॅमा शोधू नको, वेडे. इलेक्ट्रॉन बघ.

इतकं जड झालं की केंद्रक
लहानसहान गोष्ट बाहेर सांगत नाही.
ती ऊर्जा घरातल्याच कुणाच्या अंगावर टाकतं.
अगदी जवळचे दोघं घट्ट बांधलेले,
तेवढ्या धक्क्यानं ते सुटत नाहीत.
जातो तो दुसऱ्या कवचातला.

थोरली मी. मी इथंच आहे.
शांतवीर गेला त्या दिवशी
अण्णांचा आवाज गल्लीत कुणी ऐकला नाही.
आम्हीही नाही.
फक्त ताटातली भाकरी तशीच होती
आणि सहाच्या हैदराबाद गाडीत तो बसलेला
जलीलनं पाहिला होता.
आता शांतवीरच्या खुर्चीवर जलील बसतो,
वजनाच्या पावत्या फाडतो.
रिकाम्या जागेत बाहेरचा कुणी आत सरकला
की त्याचाही थोडा उजेड पडतो, क्ष-किरणांचा;
तोही मी मोजते. मोजावा लागतो.

इलेक्ट्रॉन चुंबकात गिरक्या घेत
दूरच्या एका लहानशा चकतीपर्यंत पोचतो.
त्याचा वेग बघायचा,
त्यात घरानं त्याला किती धरून ठेवलं होतं ते मिळवायचं,
तेव्हा कुठं आकडा येतो
केंद्रकानं काय सोडलं त्याचा.
दोन्हीतलं एक विसरलं तर हिशेब चुकतो.
मी आठ वर्षं फक्त वेग धरून बसले होते.

पहाटे तीनला टेकाड दिसलं.
बुटकं, पार्श्वभूमी वजा करून एकोणीस नोंदी.
अण्णा वर आले होते, पापण्यांवर तुरीचा भुसा.
"हे काय?"
पडलेला दात.
त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं, पिवळसर ठसा उठला.
"एकोणीसच?"
एकोणीसच.
"एकोणीस दाण्याची पावती आम्ही फाडत नसतो,"
म्हणाले, आणि हसले नाहीत.
दारात वळून, दुसरंच काही विचारल्यासारखं:
"त्याचा नंबर हाय का गं तुझ्यापाशी?"

मी कागदावर लिहून दिला.
चपला जिना उतरू लागल्या.
मधल्या पायरीवर थांबल्या.
किती वेळ, ते मात्र मी मोजलं नाही.