कालचा हात

काल सातव्या खड्ड्यावर चेंडू असा उडाला
की मी मान वर केलीच नाही.
मनगटाला आधीच कळलं होतं.
धक्का नाही, झिणझिण्या नाहीत,
पिकल्या केळ्यातून सुरी जावी तसं काहीतरी
तळहातातून गेलं,
आणि डॉक्टर फालक म्हणाले,
"वायकोळे, हे तुम्हीच ना?"

आज तोच खड्डा, तीच काठी,
रॉड्रिक्स गार्डची; मुलीकडे पर्थला जाताना
अर्धा संच तो माझ्या ओट्यावर ठेवून गेला.
बूट तेच. चहा तेवढाच.
मोजेसुद्धा मुद्दाम कालचे, न धुतलेले.
चेंडू बारा पावलं सरपटला
आणि काळ्या मातीच्या भेगेत पडला,
पेटीत टाकलेल्या पत्रासारखा.

सुपडूने वाकून पाहिलं.
"गेला साहेब. आता पानी पडल्यावर."

भुसावळच्या रेल्वे कॉलनीमागचं हे मैदान.
खड्डे सहा, आम्ही नऊ म्हणतो,
पहिले तीन परत खेळून.
म्हणजे सातवा हा पहिलाच, दुसऱ्यांदा;
इतक्या लवकर दुसरी संधी
माणसाला एरवी कुठे मिळते?
गवत आहे ते शेळ्यांच्या मालकीचं.
खड्ड्याभोवती जळक्या तेलात कालवलेली वाळू,
तेल माझ्याच जुन्या शेडमधलं.
एप्रिलात साडेसातलाच वास सुटतो
आणि मला वाटतं, ड्यूटीवर उशीर झाला.

चौतीस वर्षं इंजिनं दुरुस्त केली.
इंजिन उगाच बंद पडत नाही.
ब्रश झिजतो, बेअरिंग तापतं,
कुणीतरी नट आवळायचा विसरतो.
वहीत रकाने: बिघाड, कारण, उपाय, सही.
'कारण सापडले नाही' असं लिहिणाऱ्या पोराला
मी दोनदा मेमो दिलाय.

निवृत्तीनंतर तशीच वही आखली.
तीन मार्च. उजवा खांदा आधी फिरला.
चार मार्च. खांदा धरला, गुडघा सुटला.
पाच मार्च. सगळं विसरून मारलं. उत्तम.
सहा मार्च. सगळं विसरायचंय,
हे आठवत राहिलं.

प्रमिला म्हणाली, "माझी कळण्याची भाकरी
कधी फुगते, कधी नाही. मी लिहिते का वही?"
तिची रोज फुगते.
माझ्यासाठी म्हणाली.

बोंडे वकिलांचा मला हेवा वाटतो.
बावीस वर्षं त्यांचा प्रत्येक चेंडू
डावीकडच्या बाभळीत जातो.
आता ते उजवीकडे तोंड करून उभे राहतात
आणि चेंडू बरोब्बर मधोमध.
एकनिष्ठ चूक. तिच्याशी संसार होतो.
माझी रोज नवी.
तिच्याकडे पाठ करायची तर कुठल्या बाजूला?

आणि वाईटाचं तरी इतकं वाईट वाटत नाही.
काल तो एक फटका बसला नसता
तर आज घरी जाऊन मी नीट जेवलो असतो.
रात्रभर त्याच फटक्याला उशाशी घेऊन झोपलो,
पहाटे चारला अंगणात
झाडूच्या दांड्याने तीन वेळा केला,
तिन्ही वेळा तो माझाच होता.

सुपडू खिशातून चेंडू काढतो.
निळ्या पेन्सिलीची खूण, माझी,
मागच्या महिन्यातल्या कुठल्याशा भेगेतली.
"दहा रुपये." मी देतो.
माझा हात बसला तर त्याच्या बिडीचं कसं होणार,
हे त्याने एकदा हसत विचारलं होतं.

ऊन चढलंय. तापीकडून वाराही नाही.
मी चेंडू ठेवतो, पाय रोवतो,
खांद्याला काही सांगत नाही.
वकिलांची पाळी असली की सुपडू
न विचारता बाभळीखाली जाऊन बसतो.
डॉक्टरांच्या वेळी मैलाच्या दगडापाशी.
माझ्या वेळी तो अजून इथेच,
डोक्यावर गमछा, एक पाय पुढे,
"साहेब," म्हणतो,
"मी कुठी उभा राहू?"