सात इंच

तिकीट नाव तिचं.
डावा कान कुठल्याशा बोक्यानं कुरतडलेला,
कडेला दाते पडलेले, टपालाच्या तिकिटासारखे.
हे प्रेसमधून रिटायर झाले त्याच आठवड्यात
जेलरोडच्या आमच्या जिन्यात सापडली,
म्हणून नाव ह्यांनीच ठेवलं.
आता हे नाहीत. ती सतरा वर्षांची.

आधी बाथरूमबाहेरचं पायपुसणं.
मग रविवारची पुरवणी, शब्दकोडं अर्धं सुटलेलं.
मग पुण्याहून आलेल्या सुजितची उघडी बॅग,
त्यात इस्त्रीचे शर्ट.
"मुद्दाम करते," तो म्हणाला.
"आई, सोडून ये हिला गंगापूर धरणाकडे.
मासेबिसे मिळतील खायला."
खालच्या निकमबाई नाकाला पदर लावून
जिना चढायला लागल्या.
मी फिनेल ओतलं, अगरबत्ती लावली.
मानगुटीला धरून तिला त्या जागेवर नेलं,
आवाज चढवला.
तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.
भिंतीकडे पाहिलं.

डॉक्टर गायधनी तरुण आहे, कानात बाळी.
तपासताना तिच्याशीच बोलत होता.
लघवी पाहिली, रक्त काढलं,
मागचा पाय जरा ताणला तशी ती कळवळली.
मग माझ्याकडे वळून,
"डब्याची कड किती उंच आहे?"
म्हटलं, असेल की थोडीफार.
"मोजून सांगा."

शिवणाच्या टेपनं मोजली. सात इंच.
तिच्या मापानं पांडवलेणी.
चढायचं, उकिडवं बसायचं, पुन्हा उतरायचं,
आणि डबा कुठे, तर वॉशिंग मशीनच्या कुशीत,
जे पिळायला लागलं की अख्खी मोरी थरथरते.
वाळू सुजितनं पाठवलेली, गुलाबाच्या वासाची.
मलाच शिंका यायच्या तिनं.

टेप हातात तसाच, मी मोरीच्या उंबऱ्यावर बसले.
सासूबाईंचं शेवटचं वर्ष.
पलंगापासून संडासापर्यंत अकरा पावलं, मध्ये पायरी.
"मुद्दाम करतात," मी म्हणाले होते
ह्यांना, दाराआड, पण ऐकू जाईल इतपत.
त्या भिंतीकडे पाहत राहिल्या.
ती पायरी किती उंच होती
कुणी मोजली नव्हती.

पिंपळगावहून भाच्यानं बेदाण्याचा ट्रे आणून दिला.
कड जेमतेम चार बोटं. तरी पुढची बाजू
गॅसवर तापवलेल्या सुरीनं कापली,
दोन दिवस घरात जळक्या प्लास्टिकचा वास.
कापलेल्या जागी काचकागद घासत बसले,
बोट फिरवून पाहत, पुन्हा घासत.
बिनवासाची बारीक वाळू.
एक ट्रे हॉलमध्ये, तिच्या गोधडीजवळ,
पाहुण्यांना दिसला तर दिसू दे.
दुसरा पॅसेजच्या टोकाला, वर झिरोचा दिवा.
फिनेल बंद. जुन्या जागा पुसल्या
डॉक्टरनं दिलेल्या कसल्याशा पाण्यानं.
सांध्यांचं औषध सुकटीच्या पाण्यातून, थेंब थेंब.

चार दिवस तिनं ट्रेमध्ये नुसती झोप काढली.
पाचव्या रात्री, तीनच्या सुमाराला,
खर्र. खर्र. थांबून परत खर्र.
म्हातारी नीट बुजवत होती.
मी अंथरुणात श्वास धरून,
मुलाचा दहावीचा निकाल ऐकावा तशी.

अजून आठवड्यातून एकदा पायपुसणं ओलं असतं.
धुते. मेन रोडवरून तीन आणलीत, एकाच रंगाची.
सुजितनं फोनवर विचारलं, "सुटला का प्रश्न?"
म्हटलं, बराचसा.

रात्री मीही उठते एकदोनदा.
झिरोच्या उजेडात पॅसेज आख्खा दिसतो.
कधी तिकीट ट्रेमध्ये बसलेली असते,
अंग आक्रसून, डोळे अर्धे मिटून.
तेव्हा मी थांबते, तोंड भिंतीकडे करून,
तिचं होईपर्यंत.